वेस्टर्नमधली बंदूक खरी, मग धूर कुठे गेला?

२६ ऑक्टोबर १८८१. दुपारचे तीन वाजायला आलेले. अमेरिकेतल्या ॲरिझोना प्रांतातलं टूमस्टोन हे चांदीच्या खाणींच्या जिवावर बघता बघता उभं राहिलेलं गाव. तिथल्या फ्रीमाँट रस्त्यावर, एका फोटोग्राफरच्या घराला लागून, १५-२० फूट रुंदीची मोकळी जागा होती. एका बाजूला शहराचा मार्शल, म्हणजे पोलीसप्रमुख, व्हर्जिल अर्प, त्याचे भाऊ वायट आणि मॉर्गन, आणि मूळचा दातांचा डॉक्टर पण पेशाने जुगारी झालेला डॉक हॉलिडे. समोर आइक आणि बिली हे क्लँटन बंधू, टॉम आणि फ्रँक हे मॅक्लॉरी बंधू आणि बिली क्लेबॉर्न. सुरुवातीला दोन टोळक्यांत अंतर होतं ६ ते १० फुटांचं. चाळीच्या खोलीत कॉटवर बसलेला माणूस आणि दारात उभा असलेला माणूस यांच्यात असतं तेवढं.

अर्ध्या मिनिटात सुमारे ३० गोळ्या सुटल्या. बिली क्लँटन आणि दोघे मॅक्लॉरी मेले. व्हर्जिल आणि मॉर्गन जखमी झाले, डॉकला गोळी चाटून गेली. आइक क्लँटनकडे शस्त्रच नव्हतं, तो पळाला. क्लेबॉर्नही पळाला. वायटला ओरखडाही आला नाही.

हीच ती ‘ओके कोरलची चकमक’. कोरल म्हणजे घोडे बांधायचं आवार, आणि ही चकमक त्या आवारात झालीच नव्हती. आवाराचं मागचं दार तिथून थोडं पलीकडे होतं. १९५७ साली आलेल्या सिनेमाने नावात ‘ओके कोरल’ घेतलं आणि ते कायमचं चिकटलं. या ३० सेकंदांवर हॉलिवूडने जितकी रिळं खर्च केली तितकी काही मोठ्या लढायांवरही केली नसतील. १९४६ सालच्या ‘माय डार्लिंग क्लेमेंटाइन’चा दिग्दर्शक जॉन फोर्ड सांगायचा की चकमक कशी झाली हे त्याला खुद्द वायट अर्पने सांगितलं होतं आणि आपण ती जशीच्या तशी घेतली. त्याच सिनेमात डॉक हॉलिडे त्या चकमकीत मरतो. खरा डॉक सहा वर्षांनी, १८८७ मध्ये, कोलोरॅडोत क्षयाने अंथरुणात मेला.

मला वेस्टर्न, म्हणजे अमेरिकेच्या पश्चिमेतल्या काउबॉय-बंदूकवाल्यांचे, सिनेमे मनापासून आवडतात, त्यामुळे पुढचं सगळं कुरकुर म्हणून वाचू नका. ‘या साली ही बंदूक नव्हती’ हे शोधून काढणाऱ्यांची कमी नाही, आणि तो खेळ मीही खेळतो. पण त्याहून रंजक गोष्ट दुसरीच आहे. त्या काळची बंदूक आतून कशी चालायची हे एकदा कळलं, की तेव्हाची चकमक कशी दिसत असेल हे कोणी सांगावं लागत नाही. आणि ती पडद्यावर दिसते तशी दिसत नसे. मुख्य म्हणजे, फारशी दिसतच नसे.

टिकली, टोपी आणि काडतूस

अगदी पायापासून सुरू करू. आपल्याकडे कोकणात शेतीच्या राखणीसाठी अजून परवान्यावर ठासणीच्या बंदुका आहेत. नळीच्या तोंडातून दारू ओतायची, वरून गोळी किंवा छर्रे घालायचे, गजाने ठासायचं. ही दारू पेटवायची कशी, हा बंदुकीच्या इतिहासातला सगळ्यात मोठा प्रश्न. आधी जळती वात होती. मग गारगोटीवर पोलाद घासून ठिणगी पाडायची युक्ती आली. त्या गारगोटीला मराठीत चकमक म्हणतात आणि बंदुकांच्या झटापटीलाही चकमकच म्हणतात, हे भाषेने आपल्यासाठी करून ठेवलेलं छान काम आहे.

एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला गारगोटीच्या जागी टोपी आली. तांब्याची, मसुराच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी. तिच्या आत असं रसायन की ठोका बसला की पेटतं. दिवाळीत टिकल्यांचं पिस्तूल वाजवलेल्या कुणालाही हे तत्त्व वेगळं समजावून सांगायला नको. घोडा, म्हणजे पिस्तुलाच्या मागचा छोटा हातोडा, टिकलीवर आपटतो, टिकली फुटते. फक्त इथे टिकलीची ज्वाळा एका बारीक छिद्रातून आत जाते आणि मागे ठासलेली दारू पेटवते.

सॅम्युअल कोल्टची रिव्हॉल्वर याच टोप्यांवर चालायची. गोल फिरणाऱ्या नळकांड्यात सहा खण. प्रत्येक खणात समोरून दारू ओतायची, शिशाची गोळी घालायची, नळीखालच्या दांडीने दाबून बसवायची, वरून चरबी लावायची. चरबी न लावली तर एका खणाची ठिणगी शेजारच्या खणात जाऊन दोन-तीन बार एकदम उडण्याची भीती. मग मागच्या बाजूला सहा टोप्या बसवायच्या. सगळं शांतपणे केलं तरी काही मिनिटं जातात. कोणी तुमच्यावर गोळ्या झाडत असेल तर शांतपणा कुठून आणणार?

म्हणून दोन पिस्तुलं बाळगणारी माणसं होती. सिनेमात दोन्ही हातांनी धडाधड बार काढणारा वीर दिसतो. प्रत्यक्षात दुसरं पिस्तूल हे पहिलं रिकामं झाल्यावर काढायचं होतं. काहीजण भरलेलं जादा नळकांडंच खिशात ठेवत आणि तेवढं बदलत. क्लिंट ईस्टवूडने १९८५ च्या ‘पेल रायडर’मध्ये हे नळकांडं बदलणं पडद्यावर आणलंय, आणि मला तरी तो भाग सगळ्या गोळीबारापेक्षा जास्त थरारक वाटतो.

पुढची पायरी म्हणजे धातूचं काडतूस. टोपी, दारू आणि गोळी एकाच पितळी डबीत. हे काडतूस मागून घालायचं तर नळकांड्याची भोकं आरपार हवीत. आज ही गोष्ट किती साधी वाटते! पण तिचं पेटंट १८५५ मध्ये रोलिन व्हाइट नावाच्या माणसाने घेतलं होतं आणि ते वापरायचा हक्क मिळाला स्मिथ अँड वेसन कंपनीला. कोल्टला १८६९ पर्यंत, म्हणजे पेटंटची मुदत संपेपर्यंत, आरपार भोकाची रिव्हॉल्वर बनवताच येत नव्हती. व्हाइटचं पुढे काय झालं हे ऐकण्यासारखं आहे. करारानुसार त्याला प्रत्येक पिस्तुलामागे २५ सेंट मिळायचे, पण नक्कल करणाऱ्यांविरुद्ध कोर्टकचेऱ्या मात्र त्याने स्वतःच्या खर्चाने करायच्या होत्या. त्यातच त्याची बरीच कमाई गेली.

या एका पेटंटमुळे सिनेमा तपासायची सोपी फूटपट्टी मिळते. अमेरिकेचं यादवी युद्ध १८६१ ते १८६५ चं. त्या काळावरच्या सिनेमात कोणी कोल्ट वापरत असेल आणि त्याच्या कमरेच्या पट्ट्यात पितळी काडतुसांची रांग चमकत असेल, तर कुठेतरी पाणी मुरतंय. सर्जिओ लिओनेचा ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ (१९६६) घडतो १८६२ मध्ये. ईस्टवूडच्या हातातली १८५१ ची नेव्ही कोल्ट मात्र काडतुसांवर चालते. कोल्टने अशी फेरफार केलेली पिस्तुलं विकायला काढली ती पेटंट संपल्यावर, १८७० नंतर. सिनेमाचं काही बिघडलं का? नाही. पण त्याला टोप्यांचं पिस्तूल दिलं असतं तर शेवटच्या तिघांच्या सामन्यातलं प्रत्येक सेकंद आणखी जड झालं असतं असं मला वाटत राहतं.

गब्बरची एक षष्ठांश शक्यता

१८७३ मध्ये ती आली, जिला वेस्टर्नची खरी नायिका म्हणावं लागेल: कोल्ट सिंगल ॲक्शन आर्मी. अमेरिकी लष्कराने त्याच वर्षी स्वीकारली. लोकांनी नाव ठेवलं ‘पीसमेकर’, म्हणजे शांतता करणारी. ‘सिंगल ॲक्शन’ म्हणजे काय तर चाप ओढून फक्त घोडा पडतो. घोडा उभा करायचं काम दर वेळी अंगठ्याने करायचं. अंगठ्याने घोडा मागे ओढला की नळकांडं एक घर पुढे सरकतं. नीट कान दिला तर चार टिकटिक ऐकू येतात.

सहा खण असले तरी जाणती माणसं पाचच गोळ्या भरत. कारण घोड्याचं टोक थेट काडतुसाच्या टोपीवर टेकलेलं असे. पिस्तूल हातातून पडलं किंवा खोगिराचा रिकीब येऊन आदळला तर बार आपोआप उडायचा, आणि पिस्तूल कमरेला असेल तर तो मांडीत किंवा पायात. त्यामुळे घोड्याखालचा खण रिकामा. भरायची पद्धतही ठरलेली: एक भरा, एक सोडा, मग चार भरा. सिनेमातल्या वीराने न भरता सात-आठ बार काढले तर आपण हसतो. खरा हिशेब लावायचा तर सहाव्यालाच हसायला हवं.

नळकांड्याची गोष्ट निघालीच आहे तर ‘शोले’ आठवल्याशिवाय राहवत नाही. तो सिनेमाही वेस्टर्नचाच देशी भाऊ. गब्बर सहा गोळ्यांचं पिस्तूल घेतो, माणसं तीन आहेत म्हणून तीन बार हवेत काढतो, नळकांडं फिरवतो आणि तिघांच्या डोक्याला लावून तीनदा चाप ओढतो. तिन्ही वेळा रिकामं. बहुतेकांना वाटतं, प्रत्येक वेळी निम्मी शक्यता, म्हणजे तिघं वाचायची शक्यता आठात एक. तसं नाही. तीन बार लागोपाठ काढलेत, म्हणजे तीन रिकामे खण शेजारीशेजारी आहेत आणि तीन भरलेलेही शेजारीशेजारी. नळकांडं फिरवून सहापैकी कुठल्याही एका जागी थांबू शकतं. तिघं वाचायचे तर ते नेमकं पहिल्या रिकाम्या खणापाशी सुरू व्हायला हवं. म्हणजे सहात एक. आणि तसं झालं तर पुढचे तीन खण हमखास भरलेले. पुढे गब्बर जे करतो ते यंत्राच्या दृष्टीने शंभर टक्के बरोबर आहे.

बंदूक वीस वर्षं लवकर आली

आता रायफल. लांब पल्ल्याला पिस्तुलाचा उपयोग नाही, हे त्या काळच्या प्रत्येकाला माहीत होतं. विंचेस्टर १८७३ ही खालची कडी खाली-वर करून गोळी भरायची रायफल. तिचं .४४-४० जातीचं काडतूस पुढे कोल्टनेही पिस्तुलात घेतलं. हे सोयीचं होतं, कारण एकाच प्रकारची काडतुसं विकत घ्यायची आणि दोन्हीत वापरायची. टूमस्टोनमध्ये बिली क्लँटन आणि फ्रँक मॅक्लॉरी यांच्याकडे .४४-४० च्याच कोल्ट होत्या.

पण तुम्ही जुन्या वेस्टर्नमध्ये पाहिलेली विंचेस्टर बहुतेक वेळा १८७३ ची नसते. ती असते १८९२ ची, जॉन ब्राउनिंगच्या आराखड्याची. ओळखायची खूण सांगतो. १८७३ च्या बाजूला वेगळी बसवलेली पट्टी दिसते आणि वरून सरकतं झाकण असतं. १८९२ ची अंगाने सडपातळ, बाजू सपाट. ‘स्टेजकोच’ (१९३९) घडतो १८८० च्या सुमारास आणि जॉन वेन आपल्या पहिल्याच दृश्यात मोठ्या गोल कडीची १८९२ हातात गरगर फिरवतो. ‘द कॉमँचेरोज’ (१९६१) तर १८४३ मध्ये घडतो आणि त्यात १८७३ ची कोल्टही आहे आणि १८९२ ची विंचेस्टरही. म्हणजे शिवकालीन नाटकात मावळ्याने मनगटावरचं घड्याळ बघावं तशातला प्रकार.

हे अज्ञानातून झालं का? थोडंफार. पण खरं कारण हिशेबाचं आहे. १८९२ ची रायफल हजारोंनी बनली, स्वस्त होती, दणकट होती. आणि हॉलिवूडकडे एक खास ब्लँक काडतूस होतं, ‘फाइव्ह इन वन’ नावाचं. ब्लँक म्हणजे आवाज आणि ज्वाळा असलेलं, पण गोळी नसलेलं काडतूस. हे एकच काडतूस तीन मापांच्या रिव्हॉल्वरमध्ये आणि दोन मापांच्या रायफलींमध्ये चालायचं, म्हणून एकात पाच. वाळवंटात चित्रीकरण चालू आहे, पन्नास घोडेस्वार आहेत, कोणाला कुठलं काडतूस द्यायचं हा गोंधळच नको. भाड्याने शस्त्रं पुरवणाऱ्यांनीही मग त्याच मापाची हत्यारं साठवली. एकदा गोदाम भरलं की पुढची तीस वर्षं तेच हत्यार १८४३ मध्येही आणि १८९० मध्येही.

गंमत म्हणजे सुरुवातीच्या मूकपटांत ही अडचण नव्हती. तेव्हा जुनी हत्यारं मोडीच्या भावाने मिळायची आणि ती वापरलेली माणसंही हयात होती. वायट अर्प म्हातारपणी लॉस एंजेलिसमध्ये राहायचा, स्टुडिओत चक्कर टाकायचा. १९२९ मध्ये तो गेला तेव्हा त्याला खांदा देणाऱ्यांत विल्यम हार्ट आणि टॉम मिक्स हे त्या काळचे वेस्टर्नचे दोन बडे नट होते.

कोल्टने १८७३ चं मॉडेल दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास बंद केलं होतं. मागणीच नव्हती. मग टीव्हीवर वेस्टर्न मालिकांचं पेव फुटलं आणि लोक दुकानात जाऊन तेच पिस्तूल मागू लागले. १९५६ मध्ये कंपनीला ते पुन्हा सुरू करावं लागलं. त्याच सुमारास इटलीच्या ब्रेशा प्रांतातल्या व्हाल ट्रोम्पिया खोऱ्यातल्या बंदूक कारागिरांनी, त्यात उबेर्तीचं नाव मोठं, जुन्या अमेरिकी पिस्तुलांच्या हुबेहूब प्रती बनवायला घेतल्या. कारण होतं यादवी युद्धाची १९६१ मधली शताब्दी. अमेरिकेत हौशी मंडळींना टोप्यांची पिस्तुलं हवी होती. लिओने रोममध्ये वेस्टर्न काढू लागला तेव्हा देशातच चकचकीत नवी ‘जुनी’ पिस्तुलं तयार होती. स्पॅगेटी वेस्टर्नमध्ये, म्हणजे इटलीत बनलेल्या वेस्टर्नमध्ये, नेव्ही कोल्ट इतकी का दिसते, याचं बरंचसं उत्तर या खोऱ्यात आहे.

धूर

काळी दारू म्हणजे साधारण ७५ भाग सोरा, १५ भाग कोळसा, १० भाग गंधक. ती जळते तेव्हा निम्म्याहून अधिक वजनाचा भाग वायू न होता घन कणांच्या रूपात उरतो. तोच धूर. पांढरा, दाट, सडक्या अंड्यासारखा वास येणारा. आपण लक्ष्मीपूजनाच्या रात्री गल्लीत लवंगी माळ लावल्यावर समोरचं घर दिसेनासं होतं, तेच.

बिनधुराची दारू १८८४ मध्ये फ्रान्समध्ये पॉल व्हिएय याने शोधली आणि अमेरिकेत शिकारीच्या रायफलींत ती आली १८९५ मध्ये. म्हणजे वेस्टर्नचा जवळजवळ सगळा सुवर्णकाळ, यादवी युद्धापासून १८९० पर्यंत, हा धुराचा काळ आहे. त्या १५-२० फुटांच्या जागेत ३० बार उडालेत अशी कल्पना करा. पहिल्या चार-पाच बारांनंतर समोरचा माणूस म्हणजे धुरातली सावली. गोळी कोणाची कोणाला लागली यावर साक्षीदारांचं एकमत झालं नाही आणि इतिहासकार अजून भांडतात, यात नवल ते काय! सुनावणी महिनाभर चालली. शेवटी न्यायाधीश वेल्स स्पायसर याने अर्प बंधू आणि हॉलिडे यांना सोडून दिलं.

धुराबरोबर काजळीही येते. काही बार झाले की नळकांडं जड फिरायला लागतं, तांब्याच्या टोप्यांचे तुकडे घोड्याच्या फटीत अडकतात. ओलसर हवेत बार फुसका जातो. ‘अनफर्गिव्हन’ (१९९२) मला म्हणूनच बाकीच्यांपेक्षा खरा वाटतो. त्यात हत्यारं दगा देतात, म्हातारा नायक डब्यावर नेम धरतो आणि एकही गोळी लागत नाही, आणि कथेचा काळ १८८० च्या आसपासचा असूनही सगळ्यांकडे नवी कोरी कोल्ट नाही. कोणाकडे युद्धातलं जुनं स्टार कंपनीचं पिस्तूल, कोणाकडे स्मिथ अँड वेसन.

मग पडद्यावर धूर का नसतो? त्याचं कारण कॅमेरा. नायकाच्या चेहऱ्यासमोर ढग आला तर शॉट वाया. तो विरेपर्यंत सगळ्यांनी थांबायचं, आणि वारा उलटा फिरला तर पुन्हा पहिल्यापासून. ब्लँकमध्ये कमी धुराची दारू भरता येते, तीच भरली जाते. हे समजण्यासारखं आहे. पण धूर काढून टाकला की चकमकीतला आंधळेपणा जातो, आणि आंधळेपणा गेला की उरतं ते कौशल्य. वेस्टर्नचा वीर या स्वच्छ हवेतून जन्माला आलाय.

भर रस्त्यातला सामना

दोघे भर उन्हात रस्त्याच्या दोन टोकांना उभे, ज्याचा हात चपळ तो जिंकला. असं खरंच व्हायचं का? अगदी क्वचित. सगळ्यात जवळ जाणारं उदाहरण २१ जुलै १८६५ चं, मिसुरीतल्या स्प्रिंगफील्डचं. डेव्हिस टटने जुगाराच्या देण्यापोटी ‘वाइल्ड बिल’ हिकॉकचं घड्याळ उचललं आणि ते चौकात मिरवलं. दोघे सुमारे ७५ यार्डांवर, म्हणजे क्रिकेटच्या खेळपट्टीच्या तिपटीहून जास्त अंतरावर, उभे राहिले. टटची गोळी चुकली, हिकॉकची छातीत लागली. हिकॉकवर खटला चालला आणि तो सुटला. दीडेक वर्षाने एका मासिकाने त्याच्यावर मीठमसाला लावून लेख छापला आणि दंतकथा सुरू झाली. पण त्यात चपळाई कुठे आहे? एवढ्या अंतरावर पिस्तुलाने मारायचं तर थंड डोक्याने नेम धरावा लागतो. खुद्द हिकॉक ११ वर्षांनी डेडवुडमध्ये पत्ते खेळत बसलेला असताना मागून डोक्यात गोळी घालून मारला गेला. हा प्रकार मात्र त्या काळात जास्त रूढ होता.

मांडीपर्यंत खाली लोंबणारी, पायाला दोरीने बांधलेली पिस्तुलाची म्यानं ही विसाव्या शतकाची आणि बहुतांशी सिनेमाची देणगी. त्या काळची म्यानं कमरेला उंच, खोल, पिस्तूल पडू नये म्हणून केलेली. घोड्यावर दिवसभर बसणाऱ्याला हत्यार हरवण्याची काळजी जास्त. वायट अर्पने टूमस्टोनमध्ये पिस्तूल कोटाच्या खिशात ठेवलं होतं. डॉक हॉलिडेला व्हर्जिलने एक आखूड दुनळी दिली होती, लांब कोटाखाली लपवायला, आणि त्याच्याकडची काठी स्वतः घेतली होती. टॉम मॅक्लॉरी त्या दुनळीनेच मेला. जवळच्या चकमकीत शहाणा माणूस दुनळी निवडायचा. पोस्टर मात्र पिस्तुलाचंच छापलं जातं.

पडद्यावरची चपळाई शिकवणारे गुरू १९५० च्या दशकात झाले. आर्व्हो ओयाला याने म्यानाच्या आत धातूचा पत्रा घातला, म्हणजे पिस्तूल आत असतानाच घोडा ओढला तरी नळकांडं अडकत नाही. ‘गनस्मोक’ मालिकेच्या सुरुवातीला मार्शलच्या गोळीने पडणारा माणूस हाच. नटांना तो हात चालवायला शिकवायचा आणि नोकरी म्हणून दर आठवड्याला हरायचा.

आणि शस्त्र कमरेला लावून गावभर फिरायला सर्रास मुभा होती हेही खरं नाही. टूमस्टोनच्या नगरपालिकेने १९ एप्रिल १८८१ रोजी वटहुकूम क्रमांक ९ काढला होता: गावात आल्यावर शस्त्र तबेल्यात किंवा गुत्त्यात जमा करायचं. डॉज सिटीतही रस्त्यावर तसा फलक होता. अर्प बंधू त्या दिवशी निघाले ते कागदोपत्री या हुकमाच्या अंमलबजावणीसाठी, म्हणजे समोरच्यांची शस्त्रं काढून घ्यायला. जगातली सगळ्यात प्रसिद्ध चकमक एका नगरपालिकेच्या नियमावरून झाली.

गोळी लागल्यावर

गोळी लागली की माणूस उडून खिडकीच्या काचेतून पलीकडे जातो. याचा हिशेब शाळेतल्या भौतिकशास्त्राने करू. .४५ कोल्टची गोळी साधारण १६ ग्रॅम वजनाची, वेग सेकंदाला २७० मीटरच्या आसपास. वस्तुमान गुणिले वेग केलं तर संवेग येतो सुमारे ४.३. जलदगती गोलंदाजाने ताशी १४० किलोमीटरने टाकलेल्या १६० ग्रॅमच्या चेंडूचा संवेग भरतो ६.२, म्हणजे जवळपास दीडपट. चेंडू छातीवर बसला म्हणून फलंदाज यष्ट्यांवरून उडत यष्टिरक्षकाच्या मांडीत जाऊन बसल्याचं कोणी पाहिलंय? ७० किलोच्या माणसाला त्या गोळीने मिळणारा वेग सेकंदाला सहा सेंटिमीटर. शिवाय न्यूटनचा तिसरा नियम आहेच. गोळीने समोरचा उडत असेल तर झाडणाराही तसाच मागे उडायला हवा. गोळी मारते ती आत शिरून, ढकलून नव्हे. सिनेमात नटाच्या पाठीला तार बांधून ओढतात.

पुढून दिसणारी गोळी

अस्सलपणाच्या हट्टात एक धोका आहे आणि तो रिव्हॉल्वरच्या रचनेतच आहे. पिस्तूल कॅमेऱ्याकडे रोखलं की नळकांड्याच्या खणांतून काडतुसांची टोकं दिसतात. ब्लँकला गोळी नसल्यामुळे ती रिकामी दिसतात. म्हणून अशा दृश्यात डमी वापरतात: खरी पितळी डबी, खरी शिशाची गोळी, आत दारू नाही. डमी जितकी चांगली तितकी ती खऱ्या काडतुसासारखी, हाच तिचा गुण आणि हाच घोळ. १९९३ मध्ये ‘द क्रो’च्या सेटवर (तो काही वेस्टर्न नव्हे) एका डमीतली गोळी नळीत अडकून राहिली, नंतर त्याच पिस्तुलात ब्लँक भरलं गेलं, त्याच्या दाबाने गोळी सुटली आणि नट ब्रँडन ली गेला.

२१ ऑक्टोबर २०२१ रोजी न्यू मेक्सिकोत ‘रस्ट’ या १८८० च्या दशकातल्या वेस्टर्नची तालीम चालू होती. हत्यार होतं १८७३ च्या कोल्टची इटलीत बनलेली प्रत. ते रिकामं किंवा डमींनी भरलेलं असायला हवं होतं. त्यात एक खरं काडतूस होतं. छायाचित्रणकार हलिना हचिन्स गेल्या, दिग्दर्शक जखमी झाला. सेटवरची शस्त्रं सांभाळणाऱ्या व्यक्तीला २०२४ मध्ये सदोष मनुष्यवधाबद्दल १८ महिन्यांची कैद झाली.

डमी ओळखायची पद्धत फार साधी आहे. काहींच्या कुशीत भोक पाडलेलं असतं, ते बोटाला लागतं. पण भोक कॅमेऱ्यात दिसतं, म्हणून बऱ्याच डमींत दारूऐवजी एक बारीक छर्रा टाकून तोंड बंद करतात. ते काडतूस पिस्तुलात जाण्याआधी कानाशी धरून हलवायचं. एकेक, सहाच्या सहा. छर्रा खुळखुळला तर ते नकली.